अर्थिंगला पाणी

माझा सर्व्हर निमगाव केतकीत आहे असं मी बारामतीत सांगायचे तेव्हा लोक आधी हसायचे. सर्व्हर म्हणजे काचेच्या खोलीत, गार हवेत ठेवायची वस्तू, अशी त्यांची समजूत. माझा सर्व्हर आईवडिलांच्या घरी मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या शेजारी एका फळीवर होता. खाली आईच्या गोधड्या आणि वर पाल. टाळेबंदीत गावी अडकले होते तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर मी तो उभा केला. भरतीच्या परीक्षांचे सराव पेपर त्यावर चालायचे. रोज सकाळी दहाला पेपर सुटायचा आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कुठकुठली मुलं मोबाइलवर तो सोडवायची.

पुढं मला बारामतीत एका अकॅडमीत शिकवायची नोकरी लागली. मी खोली घेऊन राहिले, पण मशीन गावीच ठेवलं. माझ्या घरमालकिणीला दिवसभर प्लगला काही लावलेलं खपायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मशीनवर लक्ष ठेवायला आप्पांइतका माणूस मला पगार देऊनही मिळाला नसता.

आप्पा म्हणजे माझे वडील, रामभाऊ. बत्तीस वर्षं लाइनमन होते. भर पावसात खांबावर चढून अर्ध्या तालुक्याची वीज त्यांनी जोडलेली. निवृत्त झाले तरी ताठा तोच. रोज दहा वाजता स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, कडक कॉलर करून साडेदहाला विहारात पेपर वाचायला जायचे. या नेमात खंड पडलेला मी पाहिला नाही. माझ्या मशीनवर रोज सकाळी फडकं मारायचे आणि 'तुझं मशीन बरं आहे' असं मला फोनवर कळवायचे.

फेब्रुवारीपासून नेट जायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, आणि मार्च लागला तसं रोज. तेही बरोबर दहाच्या ठोक्याला, पेपर सुटला रे सुटला की. मुलांचे मेसेज येऊन पडायचे. 'मॅडम, पहिल्याच प्रश्नावर अडकलंय.' 'मॅडम, वेळ संपली तर?' मी मुळात चिडकी. पहिल्या आठवड्यात मी आमच्या केबलवाल्या गोकुळवर खेकसून घेतलं. तो बिचारा तीनदा घरी जाऊन आला. फायबरची तार तपासली, नेटचा डबा म्हणजे राउटर बदलला, डब्याचं अडॅप्टर बदललं. चौथ्यांदा बोलावलं तर म्हणाला, ताई, माझ्याकडून सगळं चोख आहे, आता तुमच्या कॉम्प्युटरलाच विचारा.

कॉम्प्युटरला विचारलं तर त्याचंही म्हणणं तेच. तो स्वतः कधी बंद पडत नव्हता. त्याला यूपीएस लावलेला होता, बॅटरीवर तासभर निघायचा. बंद पडायचा तो गोकुळचा डबा. तो पुढच्या खोलीत खिडकीपाशी, भिंतीतल्या साध्या प्लगवर होता, कारण तार तिथून आत यायची. डबा बंद पडायचा, सहा-सात मिनिटांनी आपोआप उठायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आपोआप म्हणणं चूक आहे. मी घरी फोन करायचे. 'आप्पा, नेट गेलं.' ते म्हणायचे, 'थांब, बगतो.' आणि सहा-सात मिनिटांत नेट यायचं. डबा बंद करून, दहा आकडे मोजून परत लावायचा, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तेच ते करत असतील असं मी धरून चालले. ते काय करतात हे मी दीड महिन्यात एकदाही विचारलं नाही. नेट येतंय ना, मग झालं.

रोज वर्ग मध्येच सोडून फोन करायचा कंटाळा आला म्हणून मी एक सोय केली. नेट तुटलं की बाहेरच्या एका फुकट सेवेकडून मिनिटाभरात आप्पांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जाईल अशी व्यवस्था लावली. 'नेट गेले आहे. कृपया पाहावे.' एवढाच. आप्पांना तो फार आवडला. 'कृपया' वाचून म्हणाले, मशीनला तुझ्यापेक्षा रीत आहे. त्यानंतर मला फोन करायचीही गरज उरली नाही, आणि मी केलाही नाही.

तरी रोजचं तुटणं सतावत होतंच. सोमवारी मोठा पेपर होता, दोनशे मुलांनी नावं दिली होती. शनिवारी मी जरा डोकं चालवलं. यूपीएसला घरातल्या विजेचा दाब कळतो, आणि तो दर मिनिटाला कॉम्प्युटरला सांगता येतो. तो आकडा नोंदवून ठेवणारा चार ओळींचा प्रोग्रॅम मी इथूनच तिकडं चढवला. रविवारीही पेपर होता. दहाला नेट गेलं, सात मिनिटांनी आलं. संध्याकाळी चहा घेत मी नोंद उघडली.

सकाळी सगळं ठीक, दोनशे दहाच्या आसपास. दहाच्या ठोक्याला आकडा धाडकन एकशे वीसवर आला. एवढ्या दाबावर डब्याचं स्वस्तातलं अडॅप्टर तग धरणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे दोष गोकुळचा नव्हता, तारेचा नव्हता, घरातल्या विजेचा होता. मला आनंदच झाला. दीड महिन्यानं चोर सापडला होता.

मग पुढचे आकडे वाचले. दहा वाजून सहा मिनिटांनी दाब परत वर चढला होता, एकशे पंचाहत्तर. डबा बंद करून लावल्यानं घरातला दाब चढत नाही. मग चढवला कुणी? मी आप्पांना फोन लावला आणि विचारलं, नेट गेल्यावर तुम्ही नक्की काय करता.

"काय न्हाय गं," आप्पा म्हणाले. "अर्थिंगला पानी घालायचं. मी इस्त्री लावली की होल्टेज पडतंय. तुजी आई जाती आन् बादलीभर पानी घालती पाइपात. की येतंय तुजं नेट."

चहाचा कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. लाइनमनची पोरगी आहे मी. बाकीच्या घरांत पोरींना रांगोळी शिकवतात तेव्हा मला फेज आणि न्यूट्रल शिकवलेलं आहे. घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. ती परतीची तार म्हणजे न्यूट्रल. अर्थिंग वेगळं. घरामागं खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून पुरलेला लोखंडी पाइप, कधी गळती झाली तर वीज जमिनीत जावी म्हणून. एरवी त्या पाइपातून काही जायलाच नको. त्याला पाणी घालून घरातला दाब वाढत असेल, तर त्याचा अर्थ एकच होता. आमच्या घरातली सगळी वीज परत जायला तोच पाइप वापरत होती.

"आप्पा, आपला न्यूट्रल कुठंय?"

पलीकडं टीव्ही चालू होता, त्याचा आवाज त्यांनी कमी केला.

"तुटलाय," ते म्हणाले. "दिवाळीच्या टायमाला. तात्पुरतं अर्थिंगवर घेतलंय."

दिवाळीपासून मार्च. जमीन ओली होती तोवर पाइप वीज गिळत होता. जमीन वाळत गेली तशी विजेची वाट अडली, आणि वाट अडली की वीज पाइपावर थांबते. खांबावरून येतात दोनशे तीस, त्यातून एकशे वीस वजा केले की एकशे दहा उरतात. ते एकशे दहा कुठं गेले, हे मला कागद-पेन्सिल न घेताही कळत होतं. ते त्या पाइपावर होते. आणि बरोबर त्याच वेळी, रोज, माझी आई हातात बादली घेऊन त्या पाइपाशी जात होती. भोवती चिखल. मी फोन करायचे म्हणून जात होती.

आधी भीती वाटली, आणि मला भीती वाटली की मी ओरडते. मी आप्पांना नको नको ते बोलले. तुम्हाला हे कळत नाही का, बत्तीस वर्षं काय केलंत, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याचं कनेक्शन तोडून आला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, चपला घालूनच जाते ती, पाइपाला हात लावू नको म्हणून बजावलंय. म्हणजे त्यांना माहीत होतं. हे ऐकून माझा पारा आणखीच चढला. मी म्हटलं, आईला फोन द्या.

आई, तुळसा तिचं नाव, तिला काही झालंय असं तिच्या आवाजावरून वाटत नव्हतं. मी विचारलं, पाणी घालताना हाताला काही जाणवतं का. ती म्हणाली, कधीमधी मुंग्या येतात बोटांना. तिला वाटलं, साखरेनं असेल. दवाखान्यात पुढच्या वेळी सांगणार होती. मी तिला काही समजावलं नाही, समजावायला लागले असते तर मला रडू आलं असतं.

आप्पा ऑफिसात का गेले नव्हते ते मला ठाऊक होतं. निवृत्तीनंतर एकदा मीटरच्या कामाला गेले होते. ज्या टेबलावर यांनी आयुष्यभर सह्या केल्या, तिथं बसलेल्या पोरसवदा साहेबानं त्यांना ओळखलं नाही, आधारची झेरॉक्स आणा म्हणाला. आप्पा तसेच माघारी आले आणि पुन्हा त्या पायरीवर चढले नाहीत. सर्व्हिस वायर खांबावरून बदलायची तर अर्ज करावा लागतो. तो अर्ज आता मी करायचा का, असं त्यांच्या मनात असणार. एवढ्यासाठी पाच महिने घरातली वीज जमिनीत सोडून बसले होते.

"उद्या जातो," शेवटी ते म्हणाले. "अकरा वाजता ऑफिस उघडतंय. अर्ज देतो, वायर टाकून घेतो. झालं?"

"आणि आईला त्या पाइपाजवळ पाठवायचं नाही. नेट गेलं तर जाऊ दे, खड्ड्यात गेलं. आई तिकडं जाता कामा नये. कबूल करा."

"न्हाय पाठवत. कबूल."

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मेन स्विच आत्ताच्या आत्ता पाडा आणि वायर येईपर्यंत अंधारात बसा, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते माझ्या तोंडावर आलं होतं. पण सकाळी दोनशे मुलांचा पेपर होता. एका रात्रीनं काय होतंय, आई तिकडं जाणार नाही म्हणजे झालं, असा हिशेब मी मनाशी केला आणि फोन ठेवला.

सोमवारी दहाला मी अकॅडमीत वर्गावर होते. मोबाइल टेबलावर, नोंद उघडून ठेवलेली. पेपर सुटला आणि आकडा दिसेनासा झाला. नेट गेलं. आप्पांनी इस्त्री लावली होती. अर्थात लावणारच, ऑफिसात अर्ज द्यायला चुरगळलेल्या शर्टानं जाणारा तो माणूस नव्हे. हे मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. मुलांचे मेसेज सुरू झाले, मी ते बघितलेही नाहीत. जाऊ दे पेपर. फळ्यावर अर्धवट वाक्य लिहून मी उभी राहिले, आणि तेव्हा मला तो मेसेज आठवला.

मी तो बंद केलाच नव्हता. मी रविवारी एवढं ओरडले, बोलले, शपथा घातल्या, आणि मशीनला सांगायचं विसरले. मिनिटाभरापूर्वी आप्पांच्या खिशात तो वाजला असणार. नेट गेले आहे. कृपया पाहावे.

मी आप्पांना फोन लावला. रिंग वाजून बंद पडली. पुन्हा लावला. मग आईला. आई फोन नेहमी टीव्हीच्या कट्ट्यावर ठेवून कामाला लागते, तेव्हा ती उचलेल याची खात्री कधीच नसते. तिनं उचलला नाही. वर्गातली मुलं माझ्याकडं बघत होती. एकीनं विचारलं, मॅडम, पाणी आणू का.

दहा वाजून पाच मिनिटांनी नेट आलं.

दीड महिना ज्या क्षणाची मी रोज वाट पाहिली, तो क्षण आला, आणि मला तो नको होता. नेट आलं याचा अर्थ कुणीतरी पाइपात पाणी घातलं होतं. आकडा एकशे बहात्तर. मी परत फोन लावला. दोघांपैकी कुणी उचलेना. पाणी घातल्यावर माणूस घरात येतो, हात पुसतो, फोन वाजतोय तर उचलतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं थांबले. कुणीही उचललं नाही. गोकुळला लावला, तो इंदापुरात खांबावर चढलेला होता, हातातलं काम उरकून निघतो म्हणाला, म्हणजे तास-दीड तास. शेजाऱ्यांपैकी एकाचाही नंबर माझ्याकडं नव्हता. कॉम्प्युटरचा पत्ता मात्र आकड्यांसकट तोंडपाठ होता. मी वर्ग तसाच सोडला आणि स्कूटी काढली.

बारामती ते निमगाव चाळीसेक किलोमीटर. कारखान्यांचा हंगाम उतरणीला लागला होता तरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागचं काही न बघता चाललेले. एकेकाला ओलांडताना माझा जीव वर यायचा. पण खरी भीती पुढं होती. डोळ्यांसमोर सारखी आई येत होती. तिनं म्हटलं असेल, पोरीचा मोठा पेपर आहे, एकदाच घालते. आप्पा शब्दाचे पक्के, ते पाठवणार नाहीत, पण ते इस्त्रीपाशी उभे असताना ती आपली आपण उठली असेल. तिला न सांगता कामं करायची खोडच आहे. चिखलात पाय घसरला असेल. आणि मी तिला समजावून सांगितलं नव्हतं. नुसतं, मुंग्या येतात का, एवढं विचारलं होतं.

भवानीनगरला थांबून नोंद बघितली. फोन लावण्यापेक्षा तेच सोपं झालं होतं. नेट चालूच होतं. आकडे मात्र वेगळेच. एकशे बहात्तर, मग दोनशे पंधरा. दोन-तीन मिनिटं दोनशे पंधरा, की परत एकशे बहात्तर. पुन्हा वर. पुन्हा खाली. तासभर हेच चाललं होतं, एका तालात.

मी उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहून ते बघत राहिले. घरात असं कोण वागतं? फ्रिज एवढी वीज ओढत नाही. मग कळलं. इस्त्री. तापली की आपोआप बंद होते, निवली की परत चालू होते. इस्त्री दहाला लावलेली होती आणि अकरा वाजले तरी चालूच होती. ज्या माणसानं बत्तीस वर्षं लोकांना प्लग काढून ठेवा म्हणून सांगितलं, त्यानं इस्त्री तशीच टाकली होती. मला वाटलं, ते शर्ट टाकून पळाले. आईकडं पळाले. म्हणून दोघंही फोन उचलत नाहीत. आईला काहीतरी झालंय, हे आता मला भीती म्हणून वाटत नव्हतं, ठाऊकच झालं होतं.

लासुर्ण्यापर्यंत मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की मी मोठ्यानं बोलत होते. मशीन विकते, पेपर बंद करते, नेटचं नाव घेत नाही, फक्त ती उभी दिसू दे. कुणाशी बोलत होते कोण जाणे. आमच्या घरात नवससायास नाहीत, तरीही मी ते सगळं देऊ करत होते.

घराचं दार उघडं होतं. मी चपला न काढताच आत शिरले. मधल्या खोलीत टेबलावर चादर अंथरलेली, तिच्यावर आप्पांचा पांढरा शर्ट, एक बाही इस्त्री केलेली, दुसरी नाही. इस्त्री उभी करून ठेवलेली आणि तिचा दिवा लागलेला. मी स्वयंपाकघरात डोकावले. आई नव्हती. मी मागच्या दाराकडं वळले. कडी काढलेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. माझा हात दारावर पडणार, एवढ्यात मागून हाक आली.

"करुणा? तू कवा आलीस गं?"

आई पुढच्या दारात उभी होती. हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली, कपाळाला घाम. मी तिथंच गोधड्यांवर बसले आणि हसायला लागले. ती पिशवी ठेवून माझ्याकडं आली, कपाळाला हात लावून बघितला, विचारलं, ताप आहे का, भांडलीस का कुणाशी. मी तिचा हात धरून ठेवला. खरखरीत, गरम, जिवंत हात. तासभर जे मागत होते ते मला मिळालं होतं. ती सांगत होती, आज बाजार ना, आणि आप्पाच सकाळी मागं लागले की तू लवकर जा, दुपार करू नको, भाजी चांगली मिळते. एरवी तिनं बाजारात वेळ घालवला तर कुरकुरणारे आप्पा आज स्वतः पिशवी हातात देत होते, म्हणून तिला गंमत वाटली होती.

मी ऐकत होते. मग मला ऐकू यायचं थांबलं.

"आई, आप्पा कुठंयत?"

"हितंच की. मागं असत्याल," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून हात सोडवून तिनं मागचं दार उघडलं.

आप्पा पाइपाशेजारी होते. बनियनवर. गुडघ्यांनी अलीकडं त्यांना खाली बसलं की उठायला आधार लागायचा. उठताना त्यांनी डाव्या हातानं नळाच्या लोखंडी पाइपाचा आधार घेतला होता आणि उजवा हात अर्थिंगच्या पाइपावर टेकला होता. दोन्ही हात अजून तिथंच होते. पायांत रबरी चपला होत्या, पण वीज हातातून हातात गेली होती. बादली रिकामी होती आणि व्यवस्थित उभी ठेवलेली.

आई धावली. तिनं किंकाळी मारली नाही, फक्त 'आवो' म्हणाली आणि हात पुढं करून धावली. मी तिला कमरेला धरून मागं खेचलं. आम्ही दोघी चौकटीत आपटलो. ती मला मारायला लागली. सोड, सोड म्हणत तिनं माझ्या हाताला नखं लावली, एकदा चावलीही. मी सोडलं नाही. मेन स्विच पुढच्या पडवीत होता. तिला सोडून तिकडं जावं तर ती त्यांना शिवणार, न जावं तर ते तसेच राहणार. साठ किलोच्या आईला मी काखेत धरून अख्ख्या घरातून फरफटत नेलं, बाजाराच्या पिशवीवरून, सांडलेल्या मेथीवरून. ती ओरडत होती की पोरगी बापाला मारती. पडवीत पोचल्यावर मी डोक्यानं स्विच खाली पाडला, कारण हात मोकळा नव्हता. मग तिला सोडलं.

घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मला इस्त्रीचा दिवा बघितला तेव्हाच कळायला हवं होतं. मी तरीही त्यांची छाती दाबत राहिले, गोकुळ येईपर्यंत, मग गाडी येईपर्यंत. इंदापुरात डॉक्टरांनी मनगट धरलं आणि घड्याळाकडं न बघताच सांगितलं की सकाळी दहाच्या सुमारास.

पुढचे सोपस्कार व्हायचे होते. आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आईच्या साडीला चिखल होता. तो नखानं खरवडत ती बोलली. रडण्याचा नव्हे, साधा विचारपूस करण्याचा आवाज.

"त्यानला पानी घालाया कुनी सांगितलं?"

खोटं बोलता आलं असतं. गोकुळ पलीकडं उभा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. आणि आप्पांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता.

"मी," मी म्हटलं. "नेट गेलं की त्यांच्या फोनवर मेसेज जायची सोय मी केली होती. ती काढायची राहिली. आणि काल मी त्यांना बजावलं होतं, आईला पाठवायचं नाही म्हणून."

तिनं मान हलवली. तिला ते पटल्यासारखं, सगळं जागच्या जागी बसल्यासारखं दिसलं. माझ्या हातावर तिच्या दातांचे व्रण उठले होते, त्यांच्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"व्हय," ती म्हणाली. "माज्यासाठी 'जायचं न्हाय' म्हनलीस तू. त्यांच्यासाठी कोन म्हननार व्हतं?"

तिचा अंगठा माझ्या हातावर तसाच होता, आणि आम्ही दोघी आत बोलावतील म्हणून बसून राहिलो.